मलावीच्या खेड्यात नाताळची मदत न्यायची असेल तर आधी मुले मोजा

मागच्या नाताळात मलावी या आफ्रिकी देशाच्या फालोम्बे जिल्ह्यातील एका खेड्यात, प्रार्थनाघरासमोरच्या आंब्याखाली, आम्ही १६० पिशव्यांची गाडी उतरवली तेव्हा पटांगणात तीनशेच्या आसपास मुले रांग धरून उभी होती. मंडळीच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, वहीत शब्बाथशाळेची, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाची, १४८ नावे होती, त्यावर बारा पिशव्या जास्तीच्या घेतल्या होत्या आणि तयारी चोख झाली आहे असे मला मनापासून वाटत होते. शेवटची पिशवी गेली तेव्हा रांगेत सर्वांत पुढे आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिच्या पाठीवर चितेंजेत, म्हणजे इथल्या बायका कमरेला गुंडाळतात त्या छापील कापडात, धाकटा भाऊ बांधलेला होता. तिने रिकाम्या खोक्यात वाकून पाहिले, भावाला जरा वर सरकवले आणि काही न बोलता ती बाजूला झाली. आम्ही संध्याकाळी गाडीत बसून ब्लँटायर शहरातील लिंबेला परत आलो, पण त्या खेड्यातले पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, तिथेच राहणार होते. पुढचे कित्येक आठवडे ते घरोघर जाऊन, ज्या चुकीत त्यांचा काही भाग नव्हता तिच्याबद्दल, आयाबापांची क्षमा मागत होते. ही यादी त्यामुळे लिहीत आहे. नगरकडच्या आमच्या मंडळीतील काही कुटुंबे दर नाताळाला इकडे अर्पण पाठवतात आणि मी इथे नोकरीला असल्याने ते पोहोचवण्याचे काम माझ्याकडे असते; यंदा आणखी काही जणांनी विचारणा केली आहे, त्यांनी हे सर्व सप्टेंबरपूर्वी वाचावे.

पहिले काम मुले मोजण्याचे. पैसे जमवण्यापूर्वी, सामानाचा विचार करण्यापूर्वी, फार काय पाळकांना तारीख कळवण्यापूर्वीही मुले मोजून घ्यावीत. मंडळीची वही ही मोजणी नव्हे. त्या वहीत बाप्तिस्मा झालेल्यांची आणि शब्बाथशाळेत नियमित येणाऱ्यांची नावे असतात, आणि नाताळाच्या दिवशी मात्र आसपासच्या चार-पाच वाड्यांतले प्रत्येक मूल प्रार्थनाघराकडे येते. त्यांत कॅथलिक घरांतली मुले असतात, इतर पंथांची असतात, आणि दक्षिण मलावीत याओ समाजाची मुस्लिम कुटुंबे ख्रिस्ती कुटुंबांच्या शेजारीच राहत असल्याने त्यांचीही मुले असतात. त्यांना परत पाठवणे हा पर्याय मनातही आणू नये. म्हणून मोजणी गावाची करावी आणि ती गावच्या म्फुमुंकडून, म्हणजे गावप्रमुखांकडून, करून घ्यावी. कोणत्या घरात किती मुले आहेत, कोणते मूल आजीकडे ठेवले आहे, कोणाचे आईवडील कामासाठी मोझांबिककडे गेले आहेत, हे त्यांना तोंडपाठ असते. पाळकांनी आणि म्फुमुंनी एकत्र बसून घरवार नावे लिहावीत. नुसता आकडा तुम्ही स्वीकारू नका, नावेच मागा. पाठीवरचे मूलही मोजावे. ते चालत नाही, रांगेत उभे राहत नाही, त्यामुळे मोजणाऱ्याच्या नजरेतून सुटते, पण त्याच्या आईला किंवा बहिणीला ते सुटलेले कळते.

पैशांबाबत थोडक्यात, परंतु नीट वाचावे. भारतातून परदेशी देणगी पाठवायची तर ती रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, प्रत्येक व्यक्तीने स्वतःच्या खात्यातून, ए-२ अर्ज आणि पॅन देऊन पाठवायची असते. वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, तिची काळजी आपल्यापैकी कोणाला करावी लागणार नाही. मात्र ही सोय व्यक्तींसाठी आहे, विश्वस्त संस्थांसाठी नाही. तेव्हा मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यात सर्वांचे अर्पण गोळा करून तिथून परस्पर पाठवण्याचा बेत कोणी करू नये. आयकरातील सवलत परदेशातील मंडळीला दिलेल्या देणगीवर मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगावे, म्हणजे मार्चमध्ये पावती मागणारे फोन येणार नाहीत. इकडे पैसे मंडळीच्या, दोन सह्यांच्या खात्यावर घ्यावेत. पाळकांच्या वैयक्तिक खात्यावर घेणे सोपे असले तरी त्यामुळे त्या भल्या माणसावर गावाचा संशय ओढवतो. हमालीसारखे किरकोळ पैसे एअरटेल मनी किंवा एमपाम्बावरून मोबाइलवर देता येतात.

हिशेब मात्र क्वाचामध्ये करू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये मलावीच्या या चलनाचे एका झटक्यात ४४ टक्के अवमूल्यन झाले, आणि त्या महिन्यात ज्यांनी आधीचे अंदाजपत्रक हाती धरले होते त्यांचे सगळे आकडे निरुपयोगी झाले. पोत्यांत हिशेब करावा: इतकी मक्याची पोती, इतका तांदूळ, इतक्या वह्या. पोत्यांची संख्या कशी ठरवायची? मुलांच्या संख्येवरून. पुन्हा सांगतो, ती संख्या हाती नसेल तर पुढची एकही ओळ लिहू नका.

सामान भारतातून पाठवू नये. जहाजाचे भाडे, जकात आणि बंदरापासूनचा प्रवास यांत देणगीचा मोठा भाग जातो, आणि इथे जे मिळते तेच आपण इतक्या लांबून आणतो. जुने कपडे तर मुळीच नकोत. काउंजिका, म्हणजे वापरलेल्या कपड्यांचा बाजार, इथे प्रत्येक लहानमोठ्या गावी भरतो आणि त्यावर कित्येक घरांची पोटे चालतात. लिंबेच्या घाऊक बाजारात वह्या, पेन्सिली, कपड्याचा साबण, मीठ, साखर सर्व मिळते. साबण आणि मीठ यांना कोणी क्षुल्लक समजू नये. मुलाने पिशवी घरी नेल्यावर आई आधी या दोन वस्तू बाजूला काढते, हे मी पाहिले आहे. तांदूळ फालोम्बेतच घ्यावा. मुलांजे डोंगर आणि चिल्वा सरोवर यांच्यामधल्या त्या सखल पट्ट्यात भात पिकतो, आणि खेड्यातील नाताळाचे जेवण म्हणजे भात आणि कोंबडी. रोजची न्सिमा, म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट उकड, त्या दिवशी लोकांना नको असते. शेतकऱ्याकडून थेट घेतल्यास पैसा गावातच राहतो आणि वाहतूकही वाचते.

मक्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण भारतातून पाहणाऱ्यांना हे लक्षात येत नाही. मलावीत पाऊस नोव्हेंबरात सुरू होतो, त्याच सुमारास मका पेरला जातो आणि पीक एप्रिल-मेमध्ये हाती येते. म्हणजे नाताळ येतो तो घरातील कणगी तळाला गेलेली असताना, आणि सर्वांत कठीण दिवस त्यानंतरचे, जानेवारी-फेब्रुवारीचे. त्या काळात मक्याचा भाव चढतो आणि ॲडमार्क या सरकारी धान्य महामंडळाच्या डेपोसमोर रांगा लागतात. म्हणून मका सुगीनंतर लवकर, निदान सप्टेंबरच्या आत विकत घेऊन ठेवावा आणि सगळा नाताळाला वाटून टाकू नये. निम्मी पोती फेब्रुवारीसाठी राखावीत. फळ्यांवर, भिंतीपासून हात-दीड हात लांब रचून ठेवावीत, नाहीतर ओल आणि किडे दोन्ही लागतात. नगर जिल्ह्यातल्या आपल्या लोकांना हे पटवून द्यावे लागणार नाही. १८३१ मध्ये अमेरिकन मिशन नगरला आले, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात परक्या देशांतल्या अनोळखी लोकांच्या पैशांवर आपल्याकडची किती मुले जगली, ते आपल्या घराघरांत सांगितले जाते. अशा वेळी धान्य कोणत्या महिन्यात आले, यावर सगळे अवलंबून असते.

मंडळीच्या इमारतीसाठी अर्पण द्यायचे असेल तर ते नाताळात जरूर द्यावे, पण ते काम नाताळात होणार नाही, हे देणाऱ्याला सांगावे. विटा कोरड्या दिवसांत पाडून भाजतात, छपराचे पत्रेही पावसापूर्वीच चढतात. डिसेंबरात आणलेले सिमेंट पोत्यातच दगड होते. ते पैसे खात्यात ठेवून मे महिन्यानंतर खर्च करावेत. इथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीत, म्हणजे लिव्हिंग्स्टोनिया आणि ब्लँटायर या दोन मिशनांच्या मंडळ्यांचा संयोग होऊन १९२४ मध्ये उभ्या राहिलेल्या सीसीएपीमध्ये, एका पाळकाकडे अनेक प्रार्थनाघरे असतात आणि बहुतेक रविवारी उपासना वडीलजन, म्हणजे मंडळीचे ज्येष्ठ जबाबदार सभासद, चालवतात. पाळकांसाठी चांगली सायकल आणि वडीलजनांसाठी चिचेवा या इथल्या भाषेतील बायबल व गीतांची पुस्तके, एवढ्यानेही पुष्कळ काम होते. काय हवे ते त्यांनाच विचारावे. आपल्याला पत्र्यांची कळकळ असते आणि त्यांना कदाचित दाराच्या कुलपाची गरज असते.

आता दुसरी मोजणी. होय, दुसरी. पहिल्या मोजणीची यादी घेऊन डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, शाळांना सुट्टी लागल्यावर, पुन्हा घरवार फिरावे. ब्लँटायर-लिंबेला राहणारी मुले सणासाठी आजी-आजोबांकडे येतात. मागच्या वर्षी पटांगणात जी वाढीव मुले होती त्यांतली बरीचशी हीच होती, हे पाळकसाहेबांनी नंतर नावे घेऊन सांगितले. आधीच्या यादीत ती असणे शक्यच नव्हते. दुसऱ्या मोजणीत जो आकडा येईल त्यावर पाचवा हिस्सा वाढवून पिशव्या भराव्यात. उरल्या तर शाळेला द्याव्यात, त्या वाया जात नाहीत. खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर पिशवीतील एक वस्तू कमी करावी, पण एक मूल कमी करू नये. दोन वह्यांऐवजी एक वही मिळाली म्हणून कोणी रडत नाही.

वाहतूक. डांबरी रस्ता संपल्यावरच्या मातीच्या रस्त्याचे भाडे वेगळे ठरवावे आणि ते आधी ठरवावे, कारण पाऊस झाल्यावर गाडीवाला दुप्पट मागतो आणि त्याचेही काही चुकत नाही. मुलांजेच्या डोंगरावर पाऊस कोसळला की खाली ऊन असतानाही ओढे भरून येतात. १९९१ च्या मार्चमध्ये याच डोंगरावरून आलेल्या पुराने आणि दगडमातीने फालोम्बेत शेकडो माणसे गेली, आणि २०२३ च्या मार्चमध्ये फ्रेडी चक्रीवादळाने पुन्हा तोच भाग उद्ध्वस्त केला. तेव्हा भरलेला ओढा ओलांडण्याचे धाडस कोणीही, पिशव्या वेळेवर पोहोचाव्यात म्हणूनसुद्धा, करू नये. सामान निदान चार दिवस आधी गावात पोहोचवावे. ताडपत्र्या घ्याव्यात, वह्या भिजल्या की संपल्या.

वाटपाचा दिवस. स्वयंपाक म्व्हानो, म्हणजे मंडळीचा महिलासंघ, सांभाळतो. त्यांच्या कामात आपण हात घालू नये, फक्त सुके सरपण आधीच झाकून ठेवले आहे ना, एवढे विचारावे. आदल्या दिवशी म्फुमुंनी यादीप्रमाणे प्रत्येक घरी पुठ्ठ्याची चिठ्ठी द्यावी, एका मुलाला एक, पाठीवरच्या मुलालाही एक. चिठ्ठी नसलेले मूल आले तर त्याला वेगळ्या रांगेत बसवून वाढीव पिशव्यांतून द्यावे, सर्वांदेखत उलटतपासणी करू नये. वाटप उपासनेनंतर आणि पाळकांच्या व वडीलजनांच्या हातून व्हावे. छायाचित्रे मोजकी, पालकांना विचारून, आणि हात पुढे केलेल्या मुलांची मुळीच नकोत.

नंतरची कामे. हिशेब दोन सह्यांनिशी, जानेवारीत. देणाऱ्यांना पत्र, पोत्यांच्या आणि मुलांच्या आकड्यांसह. राखून ठेवलेला मका फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, आधी म्हाताऱ्या माणसांच्या आणि ज्या घरांत आजीच मुले सांभाळते त्या घरांना. रिकामी पोती परत घ्यावीत, त्यांना किंमत येते.

मोजणीची वही आपल्याबरोबर लिंबेला आणू नये. ती पाळकसाहेबांकडे ठेवावी, आणि जी मुले चिठ्ठीशिवाय आली त्यांची नावे त्याच संध्याकाळी, उजेड असेपर्यंत, तिच्या शेवटच्या पानावर लिहून घ्यावीत.