महागडे इअरफोन पारखताय? आधी कूलर बंद करा

मे महिन्यात नागपुरात दोन महागडे इअरफोन शेजारी ठेवून तुलना करायला बसलं, की पहिली चूक खिडकीत घुरघुरत असते. कूलरचा पंखा सतत खालच्या पट्टीत घुमतो आणि गाण्यातला बास नेमका त्याच पट्टीत असतो. इअरफोनची कानात जाणारी सिलिकॉन टिप बाहेरच्या बारीक, तीव्र आवाजांना बऱ्यापैकी अडवते, खालच्या घुमाऱ्याला तेवढी अडवत नाही. मग चांगला सेटही कोरडा वाटतो. दहा मिनिटं कूलर बंद ठेवा, किंवा पहाटे ऐका.

सील न तपासता मत देणं

ही सगळ्यात मोठी चूक. टिप आणि कानाची नळी यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी खालचा बास निसटतो आणि उरलेला आवाज पत्र्याच्या डब्यासारखा लागतो. इअरफोन ‘बासलेस’ असल्याच्या तक्रारी बहुतेकदा इथूनच निघतात.

टिप बसवताना विरुद्ध हात डोक्यावरून किंवा मागून नेऊन कानाची पाळी वर आणि किंचित मागे ओढा, टिप आत सरकवा, पाळी सोडा. फोमची टिप आधी चिमटीत वळून बारीक करा, आत घातल्यावर 20 ते 30 सेकंद बोटाने धरून ठेवा. घाई केली तर ती फुगताना बाहेर सरकते. मग 50 हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावून इअरफोन बोटाने किंचित आत दाबा. दाबल्यावर सूर वाढला, तर सील अपुरं आहे.

डाव्या-उजव्या कानाच्या नळ्या सारख्याच असतील असं नाही. एका बाजूला मध्यम आणि दुसऱ्या बाजूला मोठी टिप लावण्यात काहीही वावगं नाही. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो, त्यामुळे तर्री-पोहे चावताना बास आला-गेला तर टिप लहान पडतेय. आणि दोन्ही सेटना त्यांच्या-त्यांच्या डब्यातल्या टिपा लावून तुलना केली, तर तुम्ही टिपांचीच तुलना करता. नोझलला (टिप जिच्यावर चढते त्या नळीला) बसत असेल तर दोन्हींवर एकच जोडी वापरा. शुअर आणि एटिमोटिकची नोझल इतकी बारीक असते की इतरांच्या टिपा तिच्यावर सैल बसतात. तिथे हा उपाय चालत नाही.

जोरात वाजणाऱ्याला चांगला म्हणणं

दोन सेटमध्ये एक-दोन डेसिबलचा फरक असला तरी मोठा वाजणारा जास्त ‘खुलासेवार’ वाटतो. 4.4 मिमीचं बॅलन्स्ड आउटपुट (डाव्या-उजव्या बाजूच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारी जोडणी) नेहमीच्या 3.5 मिमी जॅकपेक्षा 6 डेसिबलपर्यंत मोठं असू शकतं, आणि त्या जोराचं श्रेय लोक केबलला देतात. फोनच्या माइकवर मऊ रबरी नळीचा सेंटिमीटरभर तुकडा बसवा, 1 किलोहर्ट्झचा सूर लावा आणि आवाज मोजणाऱ्या ॲपमध्ये दोन्ही सेटचा आकडा जुळवा. ॲपचा आकडा स्वतः खरा नसतो, पण इथे फक्त दोघांतला फरक हवा आहे. फोनच्या आवाजाच्या पायऱ्या ठोकळ असतात, म्हणून बारीक पायऱ्यांचा प्लेअर वापरा. इक्वलायझर, डॉल्बी असे आवाज बदलणारे पर्याय बंद.

ऐकायला 15-20 सेकंदांचे तुकडे घ्या, कारण अदलाबदल लांबली की कानाची आठवण पुसट होते. भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगमधली झांज ट्रेबलचा, म्हणजे वरच्या पट्टीचा, काटेरीपणा लगेच उघड करते, ढोलकीची धुम्म बाजू बासचा फुगवटा दाखवते आणि तानपुरा दोन्ही बाजूंचा समतोल. बासचा भडिमार असलेल्या सेटनंतर लगेच दुसरा लावला तर तो बारीक वाटणारच. मध्ये पाच मिनिटं काहीच ऐकू नका.

कुठली पट्टी किती जोरात वाजते ते दाखवणाऱ्या इंटरनेटवरच्या आलेखात 8 किलोहर्ट्झजवळ उंचवटा दिसला म्हणून सेट नाकारू नका. तो बऱ्याचदा मोजणीच्या कृत्रिम कानातल्या अनुनादाचा असतो. तुमच्या कानात टिप किती आत जाते, त्यावर तो मागे-पुढे सरकतो.

कमी ओहमच्या, म्हणजे कमी विद्युत विरोधाच्या, सेटला कुठलाही ॲम्प (आवाज वाढवणारं उपकरण) लावणं हीसुद्धा चूकच. शुअर एसई846 फक्त 9 ओहमचा आहे. स्रोताचा, म्हणजे फोन, प्लेअर किंवा ॲम्पचा, आउटपुट इम्पिडन्स (त्याचा स्वतःचा विद्युत विरोध) याच्या आठव्या भागाहून, म्हणजे साधारण 1 ओहमहून, बराच जास्त असेल तर आवाजाचा समतोल बदलतो. 10 ओहमच्या जुन्या ॲम्पवर ऐकून या सेटला नावं ठेवू नयेत.

गायक मधोमध नाही

केबल बदलल्यावर आवाज पसरट झाला, बास पोकळ वाटतोय, गायक दोन्ही कानांत विखुरलाय? 0.78 मिमीच्या टू-पिन (दोन बारीक पिनांनी इअरफोनला जोडायच्या) केबलची एक बाजू उलटी लागली आहे. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ (दोन्ही कानांत एकच आवाज) लावा. आवाज मध्यात येत नसेल तर एका बाजूचं प्लग 180 अंशांत फिरवून लावा.

एक बाजू मंद झाली तर केबलची डावी-उजवी बाजू अदलून बघा. मंदपणा दुसऱ्या कानात गेला तर दोष केबलचा किंवा स्रोताचा. तिथेच राहिला तर ते पीस काही सेकंद विरुद्ध कानाला धरा. आता दोष पिसाबरोबर फिरला तर बहुधा नोझलची जाळी मळाने भरली आहे. टिप काढा, नोझल खाली करून कोरड्या मऊ ब्रशने झटका. सुई नको, जाळीत स्पिरिट तर नकोच. कानाबरोबर राहिला तर कान तपासून घ्या.

पावसाळ्यात एसीतून दमट हवेत आल्यावर धातूच्या शेलवर (इअरफोनच्या कवचावर) आणि जाळीत दव धरतं, तेव्हाही एक बाजू दबते. टिपा काढून रात्रभर सिलिका जेलच्या डबीत ठेवा. ड्रायरची गरम हवा मारू नका. उन्हात उभ्या गाडीतही सेट विसरू नका, आतला गोंद तेवढी उष्णता सोसेलच असं नाही.

पाच मिनिटांत ‘कम्फर्टेबल’

दुकानात सगळेच सेट मऊ वाटतात. किमान 45 मिनिटं, चष्मा असेल तर चष्मा लावून, घाला. दुखणं नळीच्या आत असेल तर टिपेचा आकार बदलून बघा. कानाच्या बाहेरच्या वाटीत एकच बिंदू दुखत असेल, तर शेल तुमच्या कानाला मोठा आहे आणि तिथे कुठलीही टिप उपयोगाची नाही. घालताना ‘कुर्र’ आवाज येऊन कान दाटल्यासारखा वाटला, तर तो आतल्या हवेचा दाब आहे. पाळी ओढून हळू घातला की बहुधा जातो. तरीही जात नसेल तर परत करण्याची मुदत किती शिल्लक आहे ते बघा.