लोकल यादी, दूरचं टेबल आणि अडकलेला जॉइन

ग्राहक क्रमांकांची छोटी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची फाइल) माझ्या मशीनवर, व्यवहारांचं अवाढव्य टेबल दूरच्या पोस्टग्रेस (डेटाबेस) सर्व्हरवर. सॅस या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधल्या प्रॉक एसक्यूएलमध्ये (क्वेरी लिहायच्या सोयीत) सरळ जॉइन, म्हणजे दोन्हींची क्रमांकावरून जुळणी, लिहिला, तर क्वेरी संपेचना. ट्रेस (सर्व्हरकडे काय जातं त्याची नोंद) चालू करून पाहिलं: सर्व्हरकडे नुसतं सिलेक्ट जात होतं, ओळी गाळणाऱ्या व्हेअरचा पत्ताच नाही. म्हणजे अख्खं टेबल आधी इकडे ओढायचं, मग जुळवाजुळव!

मग उलटं केलं. पीएसक्यूएलमधून (पोस्टग्रेसला आज्ञा द्यायच्या प्रोग्रॅममधून) सर्व्हरवर टेम्प, म्हणजे तात्पुरतं, टेबल बनवलं, यादी त्यात भरली (बॅकस्लॅशवाली कॉपी (\copy) वापरा, ती फाइल आपल्या मशीनवरून वाचते, साधी कॉपी फाइल सर्व्हरवरच शोधते) आणि जॉइन तिकडेच लावला. निकाल लगेच. भरल्यावर अ‍ॅनालाइझ (क्वेरी कशी चालवायची हे ठरवायला टेबलाची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) मात्र हातानेच चालवायचं. हे काम एरवी आपोआप करणारं ऑटोव्हॅक्यूम टेम्प टेबलांना शिवत नाही. क्रमांकाचा कॉलम टेक्स्टच ठेवा, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात अन् क्रमांक जुळत नाहीत.