मिरची फुलात ओळखा: गणपतीनंतर वेगळ्या जातींची लागवड

गौरी-गणपती झाले की कोल्हापुरात पावसाचा जोर ओसरू लागतो. परसात किंवा गच्चीवर वेगळ्या मिरच्या लावायच्या असतील तर बी टाकायला हेच दिवस धरा. आपली जवारी मिरची आठ-दहा दिवसांत उगवते. भूत झोलकिया किंवा कॅरोलिना रीपर या अतितिखट जातींना दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. आता टाकलेलं बी दिवाळीच्या आसपास लावणीला येतं आणि उन्हाळा तापायच्या आत झाडाला फळ धरतं. उशीर केलात तर थंडीत उगवण रखडते, आणि पुढे एप्रिलच्या उन्हात फुलं गळून जातात.

ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं घ्या. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाका. ओल राहू द्या, पण चिखल नको. राधानगरी, गगनबावड्याकडे सरी अजून येतात, तिथे ट्रे छपराखालीच हवा, नाहीतर रोपं बुडातून कोलमडतात. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळलेलं खत वापरलं तर हा धोका कमी होतो. सहा पानांवर आलेलं रोप १५ ते २० लिटरच्या कुंडीत हलवा. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या जमिनीत लावणार असाल तर गादीवाफा करा, कारण मिरचीच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही.

आता मुख्य मुद्दा, ओळख. दोन वर्षांपूर्वी मी भूत झोलकिया म्हणून बियांचं पाकीट मागवलं. सहा महिने जीव लावला आणि शेवटी लांबट, गुळगुळीत, साधीच मिरची लागली. वाईट वाटलं ते पैशांपेक्षा वाया गेलेल्या हंगामाचं. पहिलं फूल नीट पाहिलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. म्हणून सांगतो, पाकिटावरच्या चित्रावर जाऊ नका, नुसत्या फळाच्या आकारावरही नको.

लागवडीतल्या मिरचीच्या पाच प्रजाती आहेत. ब्याडगी, संकेश्वरी, ज्वाला, ढोबळी या सगळ्या ॲन्युम प्रजातीच्या. यांच्या एका पेरावर बहुधा एकच पांढरं फूल येतं. चायनेन्स प्रजातीत एका पेरावर दोन-तीन किंवा जास्त फुलं येतात. ती लहान, हिरवट पांढरी आणि खाली मान घातलेली असतात, आणि देठ जिथे फळाला मिळतो तिथे गोल वळ दिसतो. रीपर याच प्रजातीतली. भूत झोलकियाही मुख्यतः हिच्यातलीच, तिच्यात फ्रुटेसेन्सचाही अंश आहे. भूत झोलकियाची २००७ मध्ये जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनीजमध्ये नोंद झाली, तेव्हा तिखटपणा १०,०१,३०४ स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक) भरला होता. रीपरने २०१३ मध्ये त्यापुढे मजल मारली.

पाकळीच्या बुडाशी पिवळट हिरवे ठिपके दिसले तर ती बॅकेटम, दक्षिण अमेरिकेतली. फ्रुटेसेन्सचं फूल हिरवट, फळ बारीक आणि आभाळाकडे तोंड केलेलं असतं, आणि पिकल्यावर देठातून अलगद सुटतं. पण उभी मिरची दिसली म्हणून लगेच फ्रुटेसेन्स म्हणू नका, ॲन्युममध्येही उभ्या मिरच्या असतात. फूल जांभळं असेल तर फळ कापून बी पाहा. पानांवर लव आणि बी काळं असेल तरच ती प्युबेसेन्स. ही अँडीज पर्वतातल्या गारव्याची मिरची, आपला उन्हाळा तिला मानवत नाही. बी फिकट पिवळं निघालं तर ती शोभेची ॲन्युम समजा.

शेजारी तिखट मिरची लावली की ढोबळी तिखट होते का, असं अनेक जण मला विचारतात. त्या वर्षीचं फळ आईच्या झाडाचंच असतं, त्यात फरक पडत नाही. मधमाश्यांनी केलेला संकर बियांत उतरतो आणि पुढच्या पिढीत दिसतो. म्हणून बी धरायचं असेल तर कळी उमलण्याआधीच फांदीला मलमलची पिशवी बांधा. फांदी हलकेच हलवली तरी फळ धरतं. फळ धरल्यावर पिशवी काढून तिथे खुणेसाठी दोरा बांधून ठेवा.

पानं वाकडी झाली की सगळे बोकड्या म्हणतात, पण आधी नीट बघा. पान वरच्या बाजूला होडीसारखं वळलं तर फुलकिडे, खाली वळलं तर कोळी (पानाचा रस शोषणारी बारीक कीड). दोन्हींसाठी सुरुवातीलाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा, पानांच्या खालूनसुद्धा. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावा. शेंडे आखडून झाड खुजं राहिलं तर ते विषाणूचं लक्षण असू शकतं, असं झाड उपटून लांब टाका. तंबाखू मळलेल्या हाताने रोपं हाताळू नका. निपाणी-गडहिंग्लज पट्ट्यात हे आवर्जून सांगावं लागतं, कारण तंबाखूचा मोझॅक विषाणू हातावरून मिरचीत जातो. आधी साबणाने हात धुवा.

तिखटपणा बियांत नसतो, बी ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेलं असतं तिथे तयार होतो. रीपर कापताना हातमोजे घाला आणि डोळ्यांना हात लावू नका. तो जाळ पाण्याने जात नाही. हाताला आधी तेल चोळा, मग साबण. तोंड भाजलं तर दूध किंवा दही घ्या.

आणि घरची संकेश्वरी जवारी सोडू नका. ती आता मोजक्याच शेतांत उरली आहे आणि गडहिंग्लजच्या बाजारात तिला इतर मिरच्यांपेक्षा चढा भाव मिळतो. पूर्ण लाल झालेली दोन-तीन निरोगी फळं निवडा, बी सावलीत वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवा. पाकिटावर जातीच्या नावासोबत फुलाचा रंग, पेरावर किती फुलं होती ते आणि महिनाही लिहा.