पानांवर गाठी आल्यात? फवारणीआधी काय काय तयार ठेवायचं

पानावर फोड दिसले की लगेच प्रश्न येतो "कुठलं औषध मारू", आणि तिथेच गडबड होते. गाठ कीड बांधत नाही, झाडच आपल्या पेशी वाढवून ती बनवतं, कीड फक्त तोंडातल्या रसाने किंवा अंडी घालताना झाडाला तसं करायला लावते. म्हणजे गाठ आपल्या नजरेला येईपर्यंत आतली अळी चारी बाजूंनी पॅक झालेली असते, वरून मारलेलं बहुतेक औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही, आणि पोचलं तरी गाठ काही बसत नाही. म्हणून ही सगळी तयारी पुढच्या पालवीसाठी आहे.

सामान फार लागत नाही. धारदार ब्लेड, सिकेटर (फांद्या छाटायची कात्री), ते पुसायला स्पिरिट, झिपवाल्या पिशव्या, एक काचेची बरणी आणि तिच्या तोंडाला बांधायला बारीक कापड, तारखा लिहायला वही, आणि भिंग मात्र चांगलं घ्या, दहापट तरी, वीसपट मिळालं तर उत्तमच, कारण एरिओफाइड कोळी (जाळं विणणारे नव्हेत, पानांवर गाठी करणारे सूक्ष्म जीव) जेमतेम ०.२ मिमी लांब असतात आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

आता गाठ कापून बघा, एक नाही, चार-पाच वेगवेगळ्या पानांवरच्या. बंद खोलीत एकच बिनपायाची अळी असेल तर गाठमाशी (गांधीलमाशीच्या कुळातली बारीक माशी) किंवा मिज (डासासारखी चिमुकली माशी) समजा, त्यातही नारिंगी-पिवळसर अळी असेल तर बहुतेक मिज, आंब्याच्या पानावरच्या पुटकुळ्या याच मिजच्या. आत पाय असलेली, चपटी पिल्लं दिसली तर सायला (रस शोषणारे बारीक उड्या मारणारे किडे), सप्तपर्णीच्या पानावरचे फोड त्यांचे. पान शेंगेसारखं मिटलंय आणि आत काळे बारीक किडे पळतायत, तर फुलकिडे, फायकसवर हमखास. आणि पानाच्या खाली मखमलीसारखी लव आली असेल तर तिला बुरशी समजून बुरशीनाशक मारायची घाई करू नका, लिचीवरची तपकिरी मखमल कोळ्यांची असते, भिंगातून गाजरासारखे लांबट, चारच पायांचे जीव दिसतात. गाठीला टाचणीएवढं गोल भोक दिसलं तर आतला प्राणी कधीच उडून गेलाय, त्यावर पैसे घालवू नका.

मग ठरवायचं, काही करायचंय का? मोठ्या झाडाच्या पानांवरच्या गाठी दिसायला भयंकर असतात पण झाडाला त्याचं फारसं काही वाटत नाही, माझं मत विचाराल तर अशा दहातल्या आठ वेळा सोडून द्यावं. मायफळसुद्धा ओकच्या झाडावरची गाठच, गाठमाशीने करवलेली, आणि ओक मजेत जगतात. काळजी करायची ती रोपाच्या शेंड्याला, कळीला किंवा खोडाला गाठी आल्या तर, आणि भातात गादमाशी (हीसुद्धा एक मिजच) असेल तर, कारण तिथे कणसाऐवजी चंदेरी पोंगा, म्हणजे पोकळ नळी, निघतो आणि त्या फुटव्याला दाणाच धरत नाही.

करायचंच ठरलं तर वहीत पालवी कधी फुटते ते लिहा, कारण किडीच्या माद्या कोवळ्या पानाचीच वाट बघत असतात. गाठी असलेल्या फांद्या भोकं पडायच्या आधी छाटा, पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको. कोळ्यांसाठी पाण्यात मिसळणारं गंधक चालतं पण ते कळ्या फुगतात तेव्हापासून, उन्हाचा पारा ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर अजिबात नाही, पानं करपतात, आणि तेलाची फवारणी झाली असेल तर मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. आंतरप्रवाही (झाडाच्या रसातून आत पसरणारं) कीटकनाशक शेवटचा पर्याय, लेबलवर तुमचं झाड आणि तुमची कीड दोन्ही लिहिलेली असली तरच, आणि फुलोऱ्यात कधीच नाही, मधमाश्या मरतात. नत्रयुक्त खताचा हातही आखडता घ्या, नाहीतर सारखी कोवळी पालवी फुटत राहते आणि किडीची सोयच होते.

बरणीचं काम हे की काही गाठी त्यात ठेवून कापड बांधा आणि काय बाहेर येतं ते बघा. बऱ्याचदा कीड निघतच नाही, तिला आतून खाल्लेली परोपजीवी माशी निघते, आणि असं होत असेल तर फवारणी रद्द, तुमचं काम ती करतेय. निलगिरीची गाठमाशी २००० च्या सुमारास ऑस्ट्रेलियाबाहेर पसरली, आणि पुढे तिला आवरायला क्वाड्रास्टिकस मेन्डेली या परोपजीवी माशीची बरीच मदत झाली.

मुळांची तपासणी वेगळी. रोप घेताना कुंडीतून उपसून बघा, लाजू नका. मुळात मण्यांसारख्या, चोळून न सुटणाऱ्या गाठी म्हणजे सूत्रकृमी (मुळात शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी), पण द्विदल पिकात बाजूला चिकटलेल्या, अंगठ्याने सुटणाऱ्या आणि कापल्यावर आत गुलाबी निघणाऱ्या गाठी नत्र देणाऱ्या असतात, त्या कामाच्या. खोडाशी, मातीच्या रेषेवर खडबडीत टणक गोळा दिसला आणि कापून आत काहीच प्राणी नाही, तर तो अ‍ॅग्रोबॅक्टेरियम जिवाणू असू शकतो, तो जखमेतून शिरतो आणि कीटकनाशकाला दाद देत नाही. असं रोप घेऊच नका, लावलेलं असेल तर मुळासकट काढा, सिकेटर प्रत्येक कापानंतर पुसा, आणि त्या खड्ड्यात गुलाब, द्राक्ष, पीच, बदाम यातलं काही लगेच लावू नका, जिवाणू मातीत बराच काळ टिकतो.