ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं अपग्रेड: आधी काय, नंतर काय

रिमॅप (इंजिनच्या कंप्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं) करायचा ठरला की लोक आधी ट्युनरला फोन करतात आणि गिअरबॉक्सची आठवण झटके बसायला लागल्यावर येते. खरंतर इंजिनची ताकद किती वाढवायची ते गिअरबॉक्सच ठरवतो, म्हणून प्लॅनिंग तिथूनच चालू करा.

सगळ्यात आधी गाडीत कुठला ऑटोमॅटिक आहे ते नक्की बघा. एएमटी असेल (सेलेरिओ, वॅगनआर वगैरे) तर तो मॅन्युअलच गिअरबॉक्स आहे, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम फक्त मशीन करतं, त्यामुळे क्लच चांगला ठेवा, कॅलिब्रेशन करून घ्या, बास. सीव्हीटीत बेल्ट पुलीला नुसत्या दाबावर धरून असतो, जास्त टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) दिला की घसरतो आणि पुलीवर ओरखडे पडतात, तिथे ताकद वाढवूच नका. राहिले ड्युअल क्लच (दोन क्लच आलटून पालटून गिअर लावतात) आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सकडे जातो).

मग आकडे मांडा. फोक्सवॅगन-स्कोडाचा ७ स्पीड ड्राय क्लच डीएसजी (डीएसजी म्हणजे त्यांचा ड्युअल क्लच) घ्या, डीक्यू२००. त्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर. जुन्या पोलो जीटीचं १.२ टीएसआय इंजिन १७५ द्यायचं, म्हणजे थोडी जागा होती. पण तोच गिअरबॉक्स व्हर्टस आणि स्लाव्हियाच्या १.५ टीएसआयला आहे आणि ते इंजिन कंपनीतूनच २५० देतं, मग वर शिल्लक काय राहिलं? ट्युनर "काही होत नाही" म्हणाला तरी टॉर्क किती होणार आणि किती आरपीएमला हे त्याच्याकडून लिहून घ्या, कारण कमी आरपीएमला एकदम येणारा टॉर्क क्लचला जास्त मारतो.

तिसरं, आत्ताची तब्येत. स्कॅनर लावून जुने एरर कोड बघा आणि गाडी तापल्यावर चालवत ऑइलचं तापमान बघा. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीचं ऑइल काळं झालं असेल किंवा जळका वास येत असेल तर अपग्रेड राहू द्या, आधी दुरुस्ती. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच टाका, टोयोटात डब्ल्यूएस लिहिलं असेल तर डब्ल्यूएसच. आणि एकदा ड्रेन केल्याने सगळं ऑइल निघत नाही हां, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं, म्हणून थोडी गाडी चालवून परत एकदा बदलावं लागतं. बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिक नसते, लेव्हल ठरावीक तापमानालाच बघायची असते, आणि हे ज्या गॅरेजला माहीत नाही तिथे गाडी देऊ नका.

चौथं कूलर, आणि माझ्या मते टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांनी पहिला पैसा इथेच घालावा. भरलेली गाडी घेऊन मे महिन्यात ताम्हिणी किंवा आंबोली चढताना स्पीड कमी असतो, लॉकअप (कन्व्हर्टरला थेट जोडून स्लिप थांबवणारा क्लच) लागत नाही, कन्व्हर्टर सतत स्लिप होतो आणि ती सगळी उष्णता ऑइलमध्ये जाते. जादा कूलर शक्यतो रेडिएटरमधल्या कूलरच्या नंतर, गिअरबॉक्सकडे परत जाणाऱ्या रिटर्न लाइनवर, थर्मोस्टॅटसकट लावा, कारण ऑइल फार थंड राहिलं तरी शिफ्टिंग बिघडतं. ड्राय क्लच डीएसजीला ह्याचा उपयोग नाही, तिथे क्लच ऑइलमध्ये नसतात, ट्रॅफिकमध्ये ब्रेक अर्धवट सोडून गाडी रांगवायची सवय मोडा, तेच मोठं काम.

आता ट्युनिंग. इंजिनचा आणि गिअरबॉक्सचा ट्यून एकत्रच करा, नाहीतर गिअरबॉक्सचा कंट्रोलर टॉर्क कापत राहतो किंवा वाढलेल्या टॉर्कला क्लचवरचा दाब कमी पडतो. ओरिजिनल फाइल स्वतःकडे ठेवा. वॉरंटी जाऊ शकते, इन्शुरन्सवाल्यांनाही आधी विचारा.

मजबूत क्लच प्लेट, व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब हवा तिथे पोचवणारा भाग), वेगळा कन्व्हर्टर हे सगळ्यात शेवटी, आणि रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला बहुतेक वेळा लागतच नाही. काम झाल्यावर अडॅप्टेशन (गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने शिकलेली शिफ्टची सेटिंग) रीसेट करून घ्या, सुरुवातीचे काही दिवस सिटीत, हायवेवर शांतपणे चालवा म्हणजे शिफ्ट नीट बसतील, आणि हजारेक किलोमीटरनंतर कूलरच्या लाइनचे जोड कुठे पाझरतायत का ते गाडी लिफ्टवर घेऊन बघा.