फिलॉसॉफी आणि फिल्म एकत्र शिकायचंय? आधी फुलदाणी नीट बघा

मी हे दोन विषय एकत्र घेतलेत असं सांगितलं की समोरचा माणूस दोनपैकी एक प्रश्न हमखास विचारायचा. एकतर 'म्हणजे तुम्ही दिवसभर पिक्चरच बघता का?' नाहीतर 'याचं पुढे काय करणार?' पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी हो. दुसऱ्याचं शेवटी सांगते, कारण ते मलाही शेवटीच कळलं.

आधी ॲडमिशनच्या वेळी कुणी सांगत नाही ते सांगते. जॉइंट डिग्री म्हणजे एक नवीन तिसरा विषय असेल असं मला वाटलं होतं, दोन्हीचं छान मिश्रण वगैरे. तसं काही नसतं. बहुतेक ठिकाणी अर्धे क्रेडिट या डिपार्टमेंटचे, अर्धे त्या डिपार्टमेंटचे, आणि दोन्ही विषय एकमेकांशी बोलतील असे पेपर शेवटच्या वर्षात एखाद-दोन, तेही शिकवणारे सर किंवा मॅडम त्या वर्षी रजेवर नसतील तर. बाकी जोडायचं काम तुमचं. त्यात दोन्हीकडचे लोक तुम्हाला 'तिकडचे' समजतात. माझ्या पहिल्याच सेमिस्टरमध्ये दोन सबमिशन एकाच दिवशी आली, मी एकीकडे विचारायला गेले तर ते म्हणाले तिकडे विचार, तिकडे गेले तर म्हणाले इकडे विचार, शेवटी रात्रभर जागून दोन्ही दिली आणि दोन्ही वाईट झाली. तेव्हा टाइमटेबल हातात आलं की त्याच दिवशी दोन्हीकडच्या तारखा एका कागदावर लिहा, आणि स्क्रीनिंगचे तास त्यात धरा. लेक्चर दीड तासाचं दिसतं, पण त्याच्या आधी सव्वादोन तासांचा सिनेमा बघायचाय हे कुठेतरी बारीक अक्षरात असतं.

अजून एक, हे नक्की विचारून घ्या की कोर्समध्ये कॅमेरा हातात मिळणार आहे की नाही. 'फिल्म स्टडीज' आणि 'फिल्म मेकिंग' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्या बॅचमध्ये एकजण शूटिंग शिकायला मिळेल म्हणून आला होता, पहिलं सेमिस्टर संपेपर्यंत त्याच्या वाट्याला लॉजिक आणि मूकपटांचा इतिहास आला, आणि तो गेला. त्याची चूक नव्हती.

आता मुख्य मुद्दा. हे दोन विषय एकत्र घेणारा जवळजवळ प्रत्येकजण पहिल्या वर्षी एकच निबंध लिहितो. प्लेटोची गुहा. त्याच्या 'रिपब्लिक' या पुस्तकाच्या सातव्या भागात बेड्या घातलेले कैदी भिंतीवरच्या सावल्या बघत बसलेत, त्यांच्या मागे आग, आपण थिएटरच्या अंधारात पडद्यावरच्या सावल्या बघत बसलोय, मागे प्रोजेक्टर, म्हणून सिनेमा म्हणजे गुहा. लिहिताना काय भारी वाटतं! मीही लिहिला. परत आला तेव्हा मार्जिनमध्ये एकच ओळ होती: 'सारखं दिसतं हे कळलं, मग पुढे काय?' त्याचा राग यायला एक दिवस गेला आणि अर्थ कळायला एक वर्ष. गुहेतल्या कैद्याला माहीतच नाही की त्या सावल्या आहेत. आपण तिकीट काढून गेलोय, मध्येच उठून बाहेर जाऊ शकतो, आपल्याला शंभर टक्के माहितेय की हे खोटं आहे, आणि तरी आपण रडतो. म्हणजे तुलना जिथे मोडते ना, खरा प्रश्न तिथून सुरू होतो. जुळलेल्या भागावर लिहिलेला निबंध कुणालाच नको असतो.

दुसरी चूक मी त्याहून मोठी केली. जपानी दिग्दर्शक ओझूचा १९४९ चा 'लेट स्प्रिंग' आम्हाला दाखवला होता. त्यात लग्न ठरलेली मुलगी आणि तिचे वडील क्योटोला एका मुक्कामी असतात, रात्री शेजारी शेजारी झोपलेत, ती काहीतरी बोलते, वडील झोपून गेलेले असतात. ती वर बघते, चेहऱ्यावर हलकं हसू. मग कट, आणि एक फुलदाणी दिसते. परत ती. आता चेहरा बदललाय, रडू येईल असं वाटतं. परत फुलदाणी. बस. यावर मी बारा पानं लिहिली की फुलदाणी म्हणजे शून्यता, अनित्यता, रिकामेपणातलं भरलेपण, आणि काय काय. मला वाटलं डिस्टिंक्शन पक्कं.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि लॅपटॉप न उघडता विचारलं, फुलदाणी किती वेळा येते? मी म्हटलं एकदा. दोनदा येते. मागे काय दिसतं? आठवेना. मागे कागदी सरकत्या पडद्यावर झाडाच्या पानांच्या सावल्या आहेत. फुलदाणी दिसतेय तेव्हा आवाज कसला येतोय? मी गप्प. वडिलांच्या घोरण्याचा. अख्खं अनित्यता वगैरे लिहून झालं होतं आणि माझ्या शून्यतेमध्ये एक माणूस चक्क घोरत होता, आणि मी ऐकलंच नव्हतं.

त्या म्हणाल्या, याच दोन शॉट्सवर अमेरिकन समीक्षक पॉल श्रेडरने १९७२ मध्ये लिहिलंय, फ्रेंच फिलॉसॉफर डल्यूझने १९८५ मध्ये लिहिलंय, दोघांचं म्हणणं वेगळं आहे, पण बोलायचा हक्क त्यांच्यातल्या ज्याने नीट बघितलंय त्याला. तू आधी बघ. मग मी तो सीन पुन्हा पुन्हा बघितला आणि लक्षात आलं की ती फुलदाणी ती मुलगी बघतेय असंसुद्धा खात्रीने म्हणता येत नाही. म्हणजे ते नेमकं कुणाचं बघणं आहे? हा पडद्यावरून आलेला प्रश्न आहे, आणि फिलॉसॉफीचा सुद्धा आहे. बारा पानांत तो कुठेच नव्हता.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे, घ्यायची तर घ्या. पहिल्यांदा सिनेमा बघताना पेन हातात घ्यायचंच नाही. रडू आलं तर रडायचं, कंटाळा आला तर कंटाळायचं, पण कुठे कंटाळा आला ते लक्षात ठेवायचं. दुसऱ्यांदा बघताना वहीचं पान मधोमध घडी घालायचं, डावीकडे फक्त जे दिसतं आणि ऐकू येतं तेच, वेळेसकट. 'एकटेपणा' हा शब्द डावीकडे चालत नाही. 'ती फ्रेमच्या उजव्या कोपऱ्यात, बाकी खोली रिकामी' हे चालतं. उजवी बाजू दुसऱ्या दिवसापर्यंत कोरी. शिवाय ज्या सीनवर लिहायचंय तो एकदा आवाज बंद करून आणि एकदा स्क्रीनकडे पाठ करून. हसू नका, पाठ करून ऐकलं असतं तर ते घोरणं मला पहिल्याच दिवशी सापडलं असतं.

वाचनाचं म्हणाल तर दोन्हीकडचं वाचन म्हणजे दोन वेगळे व्यायाम आहेत. फिलॉसॉफीची दहा पानं चार तास घेतात, आणि ते नॉर्मल आहे, तुम्ही मठ्ठ नाही. फिल्मकडे शब्द आधी पाठ करावे लागतात, कट, डिझॉल्व्ह (एक दृश्य विरघळून दुसरं येणं), डीप फोकस (जवळचं-लांबचं सगळंच स्पष्ट दिसणं), डायजेटिक साउंड (सिनेमातल्या माणसांनाही ऐकू येणारा आवाज), ते एकदा अंगवळणी पडले की झरझर होतं. लॉजिकचा पेपर कंपल्सरी असेल तर कुरकुर न करता करून टाका, नंतर लोकांच्या वादात भोक कुठे आहे ते दिसायला लागतं (मित्र कमी होतात, तो भाग वेगळा).

सुरुवात डल्यूझपासून करू नका. हे मी हात जोडून सांगते. सिनेमावरची त्याची १९८३ आणि १९८५ ची ती दोन पुस्तकं सगळे सीनियर काखेत घेऊन फिरतात, पण त्यांच्या मागे बर्गसाँ या आधीच्या फिलॉसॉफरचं १८९६ चं पुस्तक उभं आहे आणि त्यात ज्या सिनेमांचा उल्लेख येतो त्यातले निम्मेसुद्धा आपण पाहिलेले नसतात. त्यापेक्षा म्युन्स्टरबर्गचं सिनेमावरचं १९१६ चं छोटं पुस्तक घ्या. तो हार्वर्डला मानसशास्त्र शिकवायचा, सिनेमाला तेव्हा जेमतेम वीस वर्षं झालेली, आणि तो म्हणतो की क्लोज-अप म्हणजे आपलं लक्ष जे मनात करतं तेच पडद्यावर झालंय, आणि फ्लॅशबॅक म्हणजे आठवण. साधं वाटतं, पण खोडून काढायला बसा म्हणजे कळेल. मग फ्रेंच समीक्षक बाझाँचा १९४५ चा फोटोग्राफीवरचा निबंध, काही पानांचाच आहे. चित्रात चित्रकाराचा हात असतो, फोटोमध्ये वस्तू आणि तिची प्रतिमा यांच्या मध्ये फक्त आणखी एक वस्तू, म्हणजे लेन्स, असं त्याचं म्हणणं. आता कॉम्प्युटरवर बनवलेल्या समुद्राचं काय करायचं? आमच्या सेमिनारमध्ये यावरून इतकी भांडणं झाली की सरांनी शेवटी दिवे बंद करून आम्हाला बाहेर काढलं.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. मगाशी म्हटलं ना, खोटं माहीत असून आपण रडतो. यावर कॉलिन रॅडफर्ड या फिलॉसॉफरने १९७५ मध्ये लेख लिहिला, टॉलस्टॉयच्या कादंबरीतली ॲना कॅरेनिना नावाची बाई कधी नव्हतीच हे माहीत असताना तिच्यासाठी आपल्याला वाईट वाटतं हे सरळ विसंगत आहे म्हणून. मग १९७८ मध्ये केंडल वॉल्टन या दुसऱ्या फिलॉसॉफरने चार्ल्स नावाचा एक काल्पनिक प्रेक्षक उभा केला, पडद्यावर हिरवा लिबलिबीत राक्षस अंगावर येतोय आणि चार्ल्स खुर्ची घट्ट धरून बसलाय, पण पळत नाही. पळत नाही म्हणजे ती खरी भीती नाही, भीतीचा खेळ आहे, असं वॉल्टन म्हणतो. मी यावर प्रबंध करायचं ठरवलं, अर्धा लिहून झाला, आणि सहज म्हणून साहित्यशास्त्राच्या एका लेक्चरला जाऊन बसले तर तिथे अभिनवगुप्त चाललेला.

हजार वर्षांपूर्वीचा माणूस, काश्मीरचा तत्त्वज्ञ. नाट्यशास्त्रावरच्या भाष्यात तो शाकुंतलमधलं ते हरीण घेतो, दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून मागे बघत पळणारं. प्रेक्षकाला भीती जाणवते, पण ती 'मी घाबरलोय' अशी नसते, 'हा घाबरलाय, हा माझा शत्रू, हा मित्र' अशीही नसते, ती कुणाचीच नसते, स्थळ-काळातून सुटलेली नुसती भीती असते, आणि म्हणून तिचा आस्वाद घेता येतो. मी खुर्चीत सरळ झाले. वॉल्टन विचारतो भीती खरी की खोटी, आणि हा विचारतोय भीती कुणाची! प्रश्नच वेगळा. माझ्या एकाही रीडिंग लिस्टमध्ये हे नव्हतं. प्रबंधाची दोन प्रकरणं फेकून पुन्हा लिहिली, वेळ पुरला नाही, शेवट घाईत झाला आणि ते मार्कांत दिसलं. तरी मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

मार्कांवरून आठवलं. जॉइंट पेपरला दोन परीक्षक असतात तिथे एकाच निबंधावर एक लिहितो 'युक्तिवाद कुठे आहे' आणि दुसरा लिहितो 'शॉट कुठे आहे'. दोघंही बरोबर असतात, हेच तर त्रासदायक आहे. माझ्यापुरता मी उपाय काढला तो असा की दर पानावर निदान एक वाक्य असं हवं जे सिनेमा न बघता लिहिता आलं नसतं, आणि एक असं जे नुसता बघून लिहिता आलं नसतं.

आता ते 'पुढे काय'. माहितीपत्रकात नेहमी दोन दिग्दर्शकांची नावं असतात, टेरेन्स मॅलिक, ज्याने हार्वर्डला फिलॉसॉफी केली आणि जर्मन फिलॉसॉफर हायडेगरचं भाषांतर केलं, आणि ईथन कोएन, ज्याने प्रिन्स्टनला फिलॉसॉफीची डिग्री घेतली. खरं आहे दोन्ही. पण त्या दोघांवरून स्वतःचा हिशोब मांडू नका. आमच्या बॅचमधले दोघं लॉ करायला गेले, एकजण जुन्या फिल्म्सच्या अर्काइव्हमध्ये कॅटलॉगिंग करतो, एकजण एडिटर आहे, एकजण शिकवते, आणि दोघातिघांचा या विषयाशी काही संबंध राहिला नाही. सरळ शिडी नाही, हे आधीच धरून चला, आणि शिकतानाच एक हाताला काम देणारी गोष्ट शिकून ठेवा, एडिटिंग, भाषांतर, काहीही.

मी सबटायटल्स करते. बाहेरच्या सिनेमांची मराठीत. परवा एका सिनेमात मुलगा कितीतरी वर्षांनी घरी येऊन माफी मागतो आणि आई एकच शब्द बोलते, ज्याचं मराठीत 'जाऊ दे' पण होतं आणि 'असू दे' पण. 'जाऊ दे' म्हटलं तर तिने विषय संपवला. 'असू दे' म्हटलं तर ते दुखणं तिने ठेवून घेतलं. मी सीन आवाज बंद करून बघितला, मग पाठ करून ऐकला. शब्दाच्या आधी ती दरवाजाची कडी आतून लावते, त्याचा बारीक आवाज आहे, म्हणजे तो आता आत आलाय आणि राहणार आहे. 'असू दे' लिहिलं. पाऊण तास गेला. तपासणाऱ्याने बदलून 'ठीक आहे' केलं, आणि मी आज सकाळी त्याला त्या कडीबद्दल लांबलचक मेल लिहिलाय.