एनएस१ ची को-आयपी लावताय? आरएनेज कुठाय?

फ्लूच्या व्हायरसचं एनएस१ प्रोटीन न्यूरॉनमधल्या प्रोटीनाला खरंच धरतं का ते को-आयपीनं बघायचंय ना, म्हणजे अँटीबॉडी लावलेल्या बारीक मण्यांनी (बीड्सनी) एक ओढायचं आणि दुसरं सोबत येतं का बघायचं, मग ग्लोव्हज, टिप्स, बर्फ मी सांगत बसत नाही, तेवढं येतंय की तुम्हाला. आरएनेज ए, म्हणजे आरएनए कापणारा एन्झाइम, काढून ठेवला का ते आधी बोला. मागच्या वेळी तोच राहिला आणि एवढा छान बँड (सोबत आलेल्या प्रोटीनाची रेघ) कुणाला दाखवायच्या लायकीचा उरला नाही. एनएस१ आरएनएला घट्ट धरतं, पेशीतली कितीतरी प्रोटीनं पण धरतात, मग दोघं एकाच आरएनएवर बसलेली असली तरी बीड्सबरोबर एकत्रच वर येतात. खानापूरच्या बसमधून दोघं उतरली म्हणून काय पाव्हणी झाली काय?

तर लायसेटचे, म्हणजे फोडलेल्या पेशींच्या रसाचे, दोन भाग, एकात आरएनेज, एकात नाही. आणि नुसता ओतून चालत नाही, मीठ १०० मिलिमोलरच्या आत आणा, ३०० च्या वर गेलं की आरएनेज दुहेरी आरएनए कापतच नाही, आणि एनएस१ ला नेमका तोच लागतो. एनएस१ चा आर३८ए-के४१ए म्युटंट (दोन ठिकाणी बदललेला) मिळाला तर तोही लावा, तो आरएनए धरत नाही.

जिवंत व्हायरस नको, एसएच-एसवाय५वाय (न्यूरॉनसारख्या) पेशींत एनएस१ चं प्लाझ्मिड घाला, बास. टॅग (अँटीबॉडीनं पकडायची खूण, फ्लॅगसारखी) मात्र पुढच्या टोकाला, म्हणजे एन बाजूला. बर्ड फ्लूच्या बऱ्याच स्ट्रेनमध्ये एनएस१ च्या शेपटाला ईएसईव्ही ही चार अमिनो आम्लं असतात, स्क्रिबल, डीएलजी१ असल्या पीडीझेडवाल्या (शेपूट पकडायचा खाचा असलेल्या) प्रोटीनांना तेच धरतं, सिनॅप्समधलं पीएसडी-९५ पण त्याच घराण्यातलं, आणि तुम्ही तिथंच फ्लॅग चिकटवला तर धरणार कशानं? माणसांतल्या एच३एन२ फ्लूत तिथं बहुतेक आरएसकेव्ही असतं, तो तुलनेला ठेवा.

अँटीबॉडी बेंगळुरूहून मागवताना शुक्रवारी पाठवू नका म्हणून फोन करून सांगा, रविवारभर पार्सल बेळगावात कुठंतरी पडून राहतं. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, थंड सेंट्रिफ्यूज बॅकअपच्या लाइनवर आहे का बघा.

प्रोटीएज इनहिबिटर, आयजीजी कंट्रोल (एनएस१ ला न धरणारी साधी अँटीबॉडी), इनपुट (ओढण्याआधीचा थोडा लायसेट), आणि आरएनेज, हो परत सांगतोय. त्याचा पिपेट वेगळा ठेवा आणि डब्यावर मराठी-कन्नड दोन्हीत लिहा, नाहीतर आरएनए काढणारी पोरं तुम्हाला सोडणार नाहीत.

पुढं धुणं, उकळणं, जेल, नेहमीचंच. एनएस१ येतं २६ किलोडाल्टनला आणि अँटीबॉडीची लाइट चेन (तिचा छोटा भाग) २५ ला, दोन्ही रेघा एकावर एक येतात, त्यामुळं ब्लॉटला दुसऱ्या प्राण्याची प्रायमरी (पहिली) अँटीबॉडी घ्या.